मास्तरांचं साडेअकराचं डोकं

औषधांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला, खोकल्याच्या बाटल्यांच्या कपाटाला खेटून एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक निळा पडदा, एवढं तिचं नवं राज्य होतं. पडद्यावर तिनं स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लिहून लावली होती: "घरातली सगळी औषधं घेऊन या. निवांत बसून बघू." पाटी लावून महिना झाला, पण पडद्याआड कुणी फिरकलं नव्हतं.

"आज किती गिऱ्हाइकं?" मालक रोज संध्याकाळी विचारायचे.

"एक बाई आल्या होत्या."

"अरे वा! मग?"

"पडद्याचं कापड कुठं मिळालं, एवढंच विचारून गेल्या."

वीस वर्षं ती या दुकानात औषधं देत होती. चिठ्ठी बघायची, खोकं काढायचं, "जेवणानंतर घ्या" म्हणायचं, पुढचा. गेल्या वर्षी तिनं म्हाताऱ्या माणसांच्या औषधांचा एक अभ्यासक्रम केला आणि तिचे डोळेच उघडले. काय द्यायचं हे तिला पाठच होतं. काय थांबवायला हवं, हे आजवर कुणी शिकवलंच नव्हतं. ती मालकांच्या मागे लागली. मालकांनी कपाळावर हात मारून घेतला. "मी औषधं विकायला दुकान काढलं, आणि ही बया ती कमी करायला बसणार!" पण तिच्यावाचून दुकानाचं पान हलत नव्हतं, म्हणून शेवटी कोपरा मिळाला.

त्या मंगळवारी ती पडद्याआड पेन्सिलींना टोक काढत बसली होती, तेवढ्यात पुढून आरडाओरडा ऐकू आला.

"मी काय इथं उभ्याउभ्या मुळं धरू? एक गोळी काढायला किती वेळ लागतो?"

पाठोपाठ काउंटरवर काठी आपटल्याचा आवाज. ती धावत बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. ओरडणारा माणूस म्हणजे मास्तर होते.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून रस्त्यावर आलेलं. त्यांच्या छोट्या पांढऱ्या गाडीत त्यांच्याही पायाशी एक ब्रेक असायचा, आणि चाळीस वर्षांत त्यांनी तो हजारो वेळा दाबला असेल, पण त्यांचा आवाज एकदाही चढला नव्हता. प्रत्येक शिकाऊ माणसाचं ते बारसं करायचे. कुणी 'हॉर्न', कुणी 'झिगझॅग'. ती होती 'क्लच', कारण पहिल्याच आठवड्यात तिनं क्लच जाळला होता. परीक्षेत ती तीनदा नापास झाली. एकदा तर तिनं गाडी थेट रोपवाटिकेत घातली आणि सव्वीस कुंड्यांचा चुराडा केला. मास्तर शांतपणे खाली उतरले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "छान. आता रिव्हर्स शिकायला याहून चांगली जागा मिळणार नाही."

तो माणूस आज काउंटरवरच्या भेदरलेल्या मुलीवर खेकसत होता. बाहेर चांगलीच थंडी होती, तरी कपाळावरून घाम ओघळत होता. काठी धरलेला हात लटलट कापत होता. तिनं हाक मारली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं, पण ओळखीचा मागमूस नव्हता.

तिच्या मनात लख्ख उजेड पडला. हा राग नव्हे.

"मास्तर, आत या. बसा."

"मला नाही बसायचं!"

"मग मला सोबत म्हणून चला," असं म्हणत तिनं त्यांना जवळजवळ ओढतच पडद्याआड नेलं. बोटाला सुई टोचली, रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. यंत्रावर आकडा आला: चोपन्न. सत्तरच्या खाली साखर गेली की माणसाला कापरं भरतं, घाम फुटतो, डोकं चालेनासं होतं. हे तर आणखी खोलात होते. तिनं ग्लुकोजचं पाणी ढवळून त्यांच्या हातात दिलं आणि शेवटच्या घोटापर्यंत समोरून हलली नाही.

पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, तेव्हा आकडा नव्वदवर आला होता. मास्तरांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं क्लच! तू इथं कशी?"

तिला हसावं की रडावं कळेना. "वीस वर्षं इथंच आहे, मास्तर. असं रोज होतं का तुम्हाला?"

"कसं?"

"असा राग येतो का?"

"हो, येतो ना," मास्तर सर्दीबद्दल बोलावं तसे म्हणाले. "रोज साडेअकराला. वय झालं गं. घरात सगळ्यांना माहीत आहे. मुलगा अकराच्या आत फोन करतो, नाहीतर जेवणानंतर. पोस्टमन आधी खिडकीतून घड्याळ बघतो, मग पत्र टाकतो. शेजारच्यांचा कुत्रासुद्धा त्या वेळेला पलंगाखाली जातो म्हणे."

"आणि गाडी?"

मास्तरांचा आवाज खाली आला. "गाडीवर कापड घातलंय. वर्ष झालं. मुलानं किल्ली काढून घेतली. बरोबरच आहे त्याचं. असल्या डोक्यानं शिकवतात होय?"

ती म्हणाली, "उद्या सकाळी दहाला या. काकूंना घेऊन या, आणि घरात असतील नसतील तेवढी सगळी औषधं."

दुसऱ्या दिवशी ठीक दहाला काकू चाकांची प्रवासी बॅग खडखडवत दुकानात शिरल्या. मालकांना वाटलं, दोघं परगावी निघालीत. बॅग उघडली आणि खोकी बाहेर यायला लागली. आधी टेबल भरलं, मग खिडकीची कड भरली, मग मास्तरांची मांडी. एकतीस खोकी, चार बाटल्या आणि इन्सुलिनच्या सुयांचा एक डबा.

मालकांनी पडदा बाजूला करून आत डोकावलं. "समोर नवीन दुकान निघतंय की काय?"

सगळ्यात शेवटी काकूंनी बॅगेच्या तळातून एक जाड वही काढली आणि दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली. "मी एकही चुकवलेली नाही," त्या ताठ बसून म्हणाल्या. चौदा महिन्यांची पानं. तारीख, वेळ, गोळीचं नाव, कुणी लिहून दिली, पुढे बरोबरची खूण. अशी वही तिनं उभ्या आयुष्यात पाहिली नव्हती. तिला काकूंना मिठीच मारावीशी वाटली.

मग ती कामाला लागली. खोकं उचलायचं, बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचायचं, वहीत शोधायचं, कागदावर लिहायचं. पहिला अर्धा तास नुसतं "हं" आणि "अच्छा." मग तिचा हात मध्येच थांबला. पांढरी गोळी, साखर उतरवणारी, सकाळी आणि रात्री, नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली. गुलाबी गोळी, सकाळी, हॉस्पिटलनं दिलेली. खोकी वेगळी, नावं वेगळी, रंग वेगळे. पण गुलाबी गोळी म्हणजे एकात दोन औषधं होती, आणि त्यातलं एक तेच होतं, जे पांढऱ्यात होतं.

"काकू, हे इन्सुलिन कधीपासून?"

काकूंनी पानं उलटली. "ह्यांना न्यूमोनिया झाला तेव्हापासून. हॉस्पिटलात सुरू केलं. रोज सकाळी सातला देते, एक मिनिट इकडे नाही की तिकडे."

"तेव्हा स्टिरॉइडच्या गोळ्याही दिल्या होत्या?"

"दहा दिवस. ह्या बघा खुणा."

स्टिरॉइडनं साखर चढते. ती आवरायला इन्सुलिन दिलं होतं. स्टिरॉइड दहा दिवसांत संपलं. इन्सुलिन मात्र थांबवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. सातला इन्सुलिन, आठला पांढरी, तिच्याबरोबर गुलाबी. तिघं मिळून साडेअकराला मास्तरांना उचलून आपटत होती. आणि या भानगडीनं जी चक्कर यायची, तिच्यावर आणखी एक गोळी होती. पिवळी, दिवसातून तीनदा.

आनंदानं तिला बसवेना. ती खुर्चीतून उठली, पुन्हा बसली, पुन्हा उठली. "सापडलं! मास्तर, तुमचा राग सापडला!"

तिनं बोट ठेवून ठेवून सगळं समजावलं. ऐकता ऐकता काकूंचा चेहरा उतरत गेला. पदराचं टोक त्यांनी बोटाभोवती इतकं घट्ट गुंडाळलं की बोट पांढरं पडलं.

"म्हणजे चौदा महिने मीच ह्यांना..."

तिनं पटकन काकूंचा हात धरला. "तुम्ही लिहून दिलं तसंच दिलंत, काकू. दोन ठिकाणांहून दोन कागद आले आणि दोघांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही. त्यांची भेट झाली ती फक्त तुमच्या वहीत. ही वही नसती तर मी आठवडाभर चाचपडत बसले असते."

काकूंनी डोळे टिपले. मास्तरांनी मांडीवरची खोकी सावरून धरली. मग लहान मुलासारखं विचारलं, "म्हणजे मी मुळात रागीट नाही?"

"मुळीच नाही!" काकू उसळल्या. "मी तर केव्हापासून सांगतेय!"

"तू कधी सांगितलंस? तू म्हणायचीस, म्हातारचळ लागलाय!"

"लाडानं म्हणायचे!"

अवघड भाग पुढेच होता. औषध थांबवायचा अधिकार डॉक्टरांचा. डॉक्टर भले, पण कायम घाईत. तिनं वही समोर उघडून ठेवली आणि फोन लावला.

"आता काय थांबवायचं, तेही दुकानातून ठरणार का?" डॉक्टरांचा आवाज कोरडा ठणठणीत होता.

"नाही, ते तुम्हीच ठरवायचं. म्हणून तर फोन केला. मी तीनच गोष्टी सांगते. काल साडेअकराला त्यांची साखर चोपन्न होती. गेल्या महिन्याच्या रिपोर्टात साखरेची तीन महिन्यांची सरासरी पाच पूर्णांक आठ आहे, शहात्तर वयाला फारच कमी. आणि तुमच्या पांढऱ्या गोळीतलं औषध हॉस्पिटलच्या गुलाबी गोळीतही आहे."

पलीकडे कागद सळसळले.

"दोन्ही चालू आहेत?"

"दोन्ही. वर इन्सुलिन."

"वर इन्सुलिन?" खुर्ची करकरली. डॉक्टर बहुधा उभे राहिले होते. "हॉस्पिटलचा कागद माझ्यापर्यंत आलाच नाही. आज संध्याकाळी पाठवा त्यांना. थांबा. तुम्हीही या. ती वही घेऊन."

तिनं फोन ठेवला आणि पडद्याआड अशी काही गिरकी घेतली की कोपर लागून खोकल्याच्या दोन बाटल्या आडव्या झाल्या. मालक धावत आले. "काय पडलं?"

"काही नाही! मालक, आज मी एकही गोळी विकली नाही!"

"आनंद आहे," मालक म्हणाले आणि बाटल्या उभ्या करायला लागले. पण मिशीतल्या मिशीत हसत होते, हे तिनं पाहिलं.

डॉक्टरांनी वही पहिल्या पानापासून वाचली. पांढरी गोळी त्यांनी तिथल्या तिथे बंद केली. इन्सुलिन आधी निम्मं आणि पंधरा दिवसांनी बंद. चक्करेची पिवळी गोळी चक्कर थांबली की बंद. तोवर दिवसातून चार वेळा साखर तपासायची आणि आकडे रोज औषधवाल्या बाईंना फोनवर सांगायचे.

"आणि वाढली तर?" काकूंनी विचारलं.

"थोडी वाढायलाच हवी," डॉक्टर म्हणाले.

काकूंनी खुर्चीचा हात घट्ट धरला. आजवर साखर वाढू नये म्हणून जिवाचं रान केलेल्या बाईला हे ऐकवेना.

"काकू," ती म्हणाली, "या वयात साखर जरा चढी राहिली तर आपल्याला सावरायला वेळ मिळतो. एकदम खाली गेली तर मास्तर जिन्यावरून पडतील, हाड मोडेल, एखाद्या दिवशी शुद्ध हरपेल. फार खाली जाण्याचीच भीती जास्त."

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. काकू बातम्या वाचाव्यात तशा आकडे सांगायच्या. "सकाळी एकशे अठ्ठावीस. साडेअकराला एकशे सोळा. राग शून्य." ती टिपून घ्यायची. काउंटरवरची मुलगी रोज विचारायची, "मास्तरांचा आजचा आकडा काय?" हळूहळू मालकही कान टवकारून ऐकायला लागले. नवव्या दिवशी मात्र काकूंचा आवाज रडवेला आला. "दोनशे चाळीस! झालं, आता सगळं संपलं!"

"काकू, काल काही विशेष खाल्लं का?"

थोडा वेळ कुजबुज. मग, "नातीचा वाढदिवस होता. ह्यांनी केक खाल्ला. दोन तुकडे. तिसरा मी हातातून काढून घेतला."

"मग तो आकडा केकचा आहे, मास्तरांचा नाही. उद्या बघा."

दुसऱ्या दिवशी आकडा एकशे चौतीस आला.

घरात मात्र साडेअकराचं काय करायचं, हेच कुणाला सुचेना. सून त्या वेळी सवयीनं स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची आणि आतून कान लावायची. बाहेर मास्तर शीळ वाजवत वर्तमानपत्र वाचत असायचे. पोस्टमन चुकून साडेअकराला आला, तर मास्तरांनी त्याला बसवून कॉफी पाजली. तो इतका घाबरला की निम्मी कॉफी बशीतच राहिली.

आणि मग एका शनिवारी मास्तर खरोखरच भडकले. कुणीतरी आपली लांबलचक गाडी त्यांच्या फाटकासमोर आडवी लावून निघून गेला होता. घड्याळात नेमके साडेअकरा. मास्तरांचा आवाज चढला मात्र, घरादारात पळापळ झाली. काकू साखरपाण्याचा पेला घेऊन धावल्या, सून साखर मोजायचं यंत्र घेऊन, शेजारीण बिस्किटांचा पुडा घेऊन भिंतीवरून वाकली. मास्तर "अरे, अरे" म्हणेपर्यंत सुनेनं त्यांचं बोट पकडून सुई टोचलीसुद्धा.

यंत्रावर एकशे बत्तीस.

सगळे आकड्याकडे बघत राहिले. मास्तरांनी यंत्र हातात घेऊन झेंड्यासारखं उंच धरलं. "बघा! हा माझा स्वतःचा राग आहे! घरचा! अस्सल!"

तेवढ्यात गाडीवाला धापा टाकत आला. समोर सुई, पेला, बिस्किटं आणि हसून हसून लोळायच्या बेतात आलेली माणसं बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. साखरपाणी शेवटी त्यालाच पाजलं.

तीन महिन्यांनी नवा रिपोर्ट आला. सात पूर्णांक दोन. डॉक्टरांनी कागद वाचला, टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, "वाढलंय! फार छान!" मास्तरांच्या रोजच्या दहा गोळ्यांच्या आता पाच झाल्या होत्या. दोन महिने एकदाही साखर खाली गेलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी मुलाला तिथूनच फोन करून किल्ली परत द्यायला सांगितलं. काकूंनी भेटेल त्याला बातमी दिली, "आमच्या ह्यांची साखर वाढली!" लोक आधी हळहळायचे, मग काकूंचं हसू बघून गोंधळायचे. बरेचजण खुलासा विचारायला निळ्या पडद्यापर्यंत येऊन पोचले. आले ते आपापली औषधं घेऊनच. कुणी उशीच्या अभ्र्यात, कुणी जेवणाच्या डब्यात, एक आजोबा तर टोपीत. पडद्याबाहेर मालकांना एक बाक टाकावा लागला. त्या बाकावर एक दिवस डॉक्टर स्वतः येऊन बसले, मांडीवर आईच्या औषधांची पिशवी घेऊन, आपला नंबर यायची वाट बघत.

"घरातल्या माणसाचं आपल्याला दिसत नाही हो," ते जरा ओशाळून म्हणाले.

काकूंच्या सकाळी आता मोकळ्या झाल्या होत्या. सातचं इन्सुलिन नाही, आठच्या खुणा जेमतेम दोन. पहिला आठवडा त्यांनी कपाटं आवरली. दुसऱ्या आठवड्यात आवरायला काही उरलं नाही. तेव्हा त्या अंगणात गेल्या, गाडीवरचं कापड ओढून काढलं आणि मास्तरांना म्हणाल्या, "मला शिकवा."

मास्तर बघतच राहिले. "तू कधी म्हणाली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. सगळ्या गावाला शिकवलंत."

"वय काय तुझं!"

"एकाहत्तर. नजर चांगली आहे, हात स्थिर आहे. चौदा महिने सुया टोचल्यात, कधी हात हलला नाही."

मास्तरांनी त्याच दिवशी शिकाऊ परवान्यासाठी अर्ज आणला.

नंतर एका सकाळी ती पडद्याआड टोपीवाल्या आजोबांची खोकी मांडत होती. काउंटरवरची मुलगी बाहेरून किंचाळली, "अहो, पळा, पळा, बघा!"

ती धावली, मागोमाग मालक, मागोमाग आजोबा, रिकामी टोपी हातात घेऊन. रस्त्यावरून छोटी पांढरी गाडी मुंगीच्या पावलानं येत होती आणि तिच्यामागे गाड्यांची भलीमोठी रांग लागली होती. स्टिअरिंगवर काकू होत्या. पाठ ताठ, नाक जवळजवळ काचेला, आणि चेहऱ्यावर असं तेज की कुणाची हॉर्न वाजवायची छाती होत नव्हती. शेजारी मास्तर हाताची घडी घालून बसले होते, एक पाय आपल्या ब्रेकवर ठेवून.

"काकू! थांबा ना इथं!" ती दोन्ही हात हलवत ओरडली.

काकूंनी मान न वळवता ओरडून उत्तर दिलं, "थांबायचं उद्या शिकवणार आहेत!"

गाडी दुकानासमोरून तशीच डौलात पुढे गेली. मास्तरांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि मोठ्यानं म्हणाले, "क्लच, हिला तुझ्यापेक्षा लवकर जमतंय!"

रांगेतल्या सगळ्या गाड्या एकेक करून गेल्या तरी ती फुटपाथवर उभी राहून हसत होती. हसता हसता तिला उचकी लागली. मालकांनी आतून पाणी आणून दिलं. आजोबांनी तिच्या दंडाला हळूच हात लावला.

"बाई, माझ्या टोपीतलं काही कमी होईल का?"

"बघू या की," ती उचक्या देत म्हणाली आणि त्यांना घेऊन आत गेली.